पहिल्या भागानंतरचा खोकला

शनिवारी चार वाजता मावशी येणार होत्या. तोवर तबकडी लख्ख करून ठेवायची, एवढंच काय ते काम होतं.

वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जुने नकाशे ठेवायच्या खोलीत, गावातल्याच एका तरुणीने तबकड्या ऐकण्याची खोली थाटली होती. आठ वर्षं लांब राहून ध्वनिमुद्रण शिकून ती परतली होती, आणि डोक्यात एकच वेड होतं. चांगलं संगीत तिकिटामागे कोंडलेलं नको. पोस्टमनने पत्रं वाटता वाटता वर यावं, एक तबकडी ऐकावी आणि पुढच्या गल्लीत जावं. ग्रंथपाल तिला 'तबकडीताई' म्हणायचे. "तबकडीताई, एवढी समाजसेवा चाललीय, एक पंखा तरी मागून घ्या," असं जिन्यातच सुनावायचे आणि वर आले की पहिल्या खुर्चीत बसून घोरायला लागायचे.

मावशी म्हणजे गावातल्या दातांच्या डॉक्टरांची बायको. डॉक्टर गेल्या वर्षी गेले. त्यांनी हौसेने जमवलेल्या चारशेबारा तबकड्या मावशींनी उचलून या खोलीला देऊन टाकल्या. अट एकच, आणि तीही एकाच तबकडीपुरती.

"ही एवढी मी दर शनिवारी ऐकायला येणार. आणि हिला काही करायचं नाही. आहे तशी राहू दे."

"हिच्यात काय आहे, मावशी?"

"आमच्या ह्यांचा खोकला आहे."

चाळीस वर्षांपूर्वी नगरभवनात व्हायोलिनवाल्या चौघांची मैफल झाली, तिचं हे मुद्रण. अशा मैफलीत एक भाग संपून दुसरा सुरू होईपर्यंत टाळी वाजवायची नसते. मग लोक दाबून धरलेले सगळे खोकले तेवढ्यात उरकून घेतात. डॉक्टर तिसऱ्या रांगेत होते. शेजारच्या खुर्चीवर टोपी ठेवून त्यांनी मावशींची जागा धरली होती.

"मला निघायला उशीर झाला. दारवानाने सोडलं नाही मेल्याने. मी दाराबाहेर ताटकळत, आणि आत हे खोकतायत. आत असते तर चांगलं दटावलं असतं."

हे सांगताना मावशी इतक्या हसल्या, की तोंडातली पेपरमिंटची गोळी दातांवर टकटक वाजली. त्यांच्याकडे डॉक्टरांचा दुसरा कसलाच आवाज नव्हता.

पण शिकलेला हात गप्प कुठला बसतो? त्या तबकडीवरची धूळ तिला बघवेना. शुक्रवारी संध्याकाळी तिने जाणकारांची युक्ती केली. तबकडी फिरवत तिच्यावर सुताराचा पांढरा गोंद पसरला आणि तो रात्रभर वाळू दिला. शनिवारी दुपारी कडेला नख लावून ओढलं, तशी सबंध साल एका ओढीत निघाली. पातळ, पारदर्शक, रेघारेघांची. सापाच्या कातीसारखी. धूळ त्या कातीला चिकटून आली होती, आणि तबकडी आरशासारखी काळी चमकत होती. कात इतकी सुंदर होती, की फेकवेना. तिने ती खिडकीपाशी दोरीवर चिमटा लावून टांगली आणि तबकडीवर सुई ठेवली.

वादकाने गज उचलताना घेतलेला श्वासही ऐकू येत होता. पहिला भाग संपला. एका बाईचा बारीक खोकला झाला. कुणीतरी नाक शिंकरलं. मग काहीच नाही... आणि दुसरा भाग सुरू झाला.

तिने पुन्हा लावून पाहिलं. मग तिसऱ्यांदा. बाई होती, नाक होतं. डॉक्टर नव्हते.

"म्हणजे नेमका माणूसच पुसलात?" पहिल्या खुर्चीतून ग्रंथपालांनी पेंगत विचारलं. ती रडायच्या बेतात होती, आणि घड्याळात चार वाजले.

मावशी आल्या, गोळी तोंडात टाकून खुर्चीत बसल्या. सांगायचा धीर तिला झाला नाही. तिने सुई टेकवली. पहिला भाग संपला तशा मावशी नेहमीसारख्या पुढे झुकल्या. बाई खोकली. नाक शिंकरलं गेलं. मग शांतता पडली, आणि मावशींचा चेहरा हळूहळू विझत गेला.

"मावशी, मी तिला... तुम्ही नको म्हणाला होतात, तरी मी..."

"ख्ख... ख्ख... खॉक्."

आवाज खिडकीकडून आला होता. खिडकी बंद होती, वारा नव्हता. दोरीवरची कात मात्र छातीसारखी फुगली आणि बसली. खोलीत लवंगेच्या तेलाचा, दातांच्या दवाखान्यात येतो तसा वास दरवळला.

"क... कोण आहे?" ग्रंथपाल जागे झाले होते.

"आमचे हे," मावशी म्हणाल्या. तोंडभर हसत त्या उठल्या. "तिथं काय लोंबकळताय? चला घरी."

"गार हवेचं... जपायला सांगा त्यांना," एवढं बोलून ग्रंथपाल दोन-दोन पायऱ्या गाळत खाली पळाले.

मावशींनी कात अलगद काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि काखेत धरली. "अगं, रडतेस काय? चाळीस वर्षं ते त्या हॉलमध्ये अडकून पडले होते. तू सोडवलंस. तबकडी राहू दे तुझ्याकडे. पोस्टमनला ऐकव."

तिचा जीव भांड्यात पडला. मावशी जिना उतरल्या तेव्हा तिला चक्क शीळ घालावीशी वाटत होती. खोलीला आता ही तबकडीही मिळाली होती. नीट ऐकून घ्यावी म्हणून तिने ती पुन्हा लावली आणि खिडकीत जाऊन उभी राहिली. खाली मावशी रस्ता ओलांडायला थांबल्या होत्या. काखेतल्या गुंडाळीकडे मान वळवून काहीतरी सांगत होत्या.

पहिला भाग संपला. बाई खोकली. नाक शिंकरलं गेलं.

मग तबकडीतलं एक दार हळूच उघडलं. हे दार मघाशी नव्हतं. घाईची पावलं आत आली. कुणीतरी खुर्चीवरची टोपी उचलली, खुर्ची करकरली.

"श्श्..." अगदी जवळून ओळखीचा आवाज आला. दटावणारा, हसू दाबलेला.

तिने खाली पाहिलं. मावशी अजून रस्त्याच्या कडेलाच होत्या, ओठ मिटून, गाडी जायची वाट बघत.

दुसरा भाग सुरू झाला. व्हायोलिनच्या पहिल्या सुराखाली, तिसऱ्या रांगेतून, पेपरमिंटची गोळी दातांवर टकटक वाजत होती.