रायाजी हट्टेकराची हजेरी

२०१७ सालची ही गोष्ट. गणपती उठले त्या आठवड्यात सुरज नांदेडहून हिंगोलीला आला आणि जेवण झाल्यावर त्याने आईपुढे टाइप केलेला एक अर्ज ठेवला. त्यावर पद्माबाईंची सही हवी होती.

सुरजचे वडील शिवशंकर भूमापक होते. १९८४च्या माघात ते हट्ट्याला एका शेताची मोजणी करायला गेले आणि परत आले नाहीत. त्यांची कॅनव्हासची पिशवी, आत टेप आणि साखळी, गावातल्या एका दगडी डोणीजवळ सापडली. बाकी काही नाही. सात वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही त्याला कायदा मेलेला धरतो, आणि तशी वर्षं कधीच उलटून गेली होती. सुरजला मागची पडवी पाडून दोन खोल्या बांधायच्या होत्या. घर अजून वडिलांच्या नावावर होतं.

पोरगा वाईट नव्हता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "आई, मीच आता बाबांच्या वयाचा झालो. अडतीस."

पद्माबाईंनी कपाळावरच्या कुंकवाला नकळत हात लावला. "दसरा होऊ दे," म्हणाल्या.

दसऱ्यापर्यंत का, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो हसला असता. कारण असं की त्या एका स्वाराच्या मरणाची नोंद शोधत होत्या.

मागच्या गल्लीत निसार मास्तर राहत. पद्माबाई ज्या शाळेत शिक्षिका होत्या तिथेच त्यांनी उर्दू शिकवली होती, आणि आजोबांच्या छडीखाली फारसीही शिकले होते. निवृत्तीनंतर त्यांनी हट्ट्याचा इतिहास लिहायला घेतला. हैदराबादच्या दप्तरखान्यातून जुन्या हजेरीपत्रकांच्या प्रती मागवत. मोगली फौजेतले सरदार हजेरीला भाड्याची माणसं आणि भाड्याची घोडी उभी करत, म्हणून प्रत्येक स्वाराचं वर्णन लिहून ठेवायची पद्धत होती. रंग, उंची, व्रण, तीळ. त्याला 'चेहरा' म्हणत. घोड्याला डाग देत. माणूस आणि घोडं दोन्ही कागदाशी जुळलं तरच पुढे 'हाजिर' लिहायचं.

पहिल्या प्रतीत शहाजहानच्या काळातला एक स्वार निघाला. रायाजी वल्द सोमाजी, मौजे हट्टा. गव्हाळ, भुवया जुळलेल्या, डाव्या हाताची करंगळी नाही. घोडा काळा, कपाळावर चांदणी, वय सात वर्षे. हाजिर.

मास्तरांनी हा चेहरा वाचून दाखवला आणि पद्माबाईंच्या मनाने तो धरून ठेवला. हट्ट्याहून घोड्यावर बसून गेलेला एक माणूस. तो परत आला का? मेला तर कुठे, आणि ते लिहिलं कोणी? सरकारदरबारी कुणाला तरी कधीतरी 'मयत' लिहिलेलं एकदा डोळ्यांनी पाहावं, म्हणजे आपल्यालाही सही करणं जमेल, असं त्यांना वाटू लागलं होतं.

दुसरी प्रत त्यानंतर पंचवीसेक वर्षांची होती. त्यात रायाजी होता, हाजिरही होता. पण काळासावळा, उंच, दोन्ही हात धड, आणि उजव्या कानाची पाळी तुटलेली. घोडा काळा, कपाळावर चांदणी, वय सात वर्षे.

"बघा बाई," मास्तर चष्मा कपाळावर चढवत म्हणाले, "माणसाला नवी करंगळी फुटली, अन् घोडं काही म्हातारं झालं नाही. सरदार लबाड, दुसरं काय? एक नाव धरून ठेवलं आणि मिळेल तो माणूस उभा केला."

पद्माबाईंना ते पटलं. तिसऱ्या प्रतीला अजून वेळ होता. दरम्यान मास्तरांना कळलं की हट्ट्यात सखुबाई म्हणून एक म्हातारी आहे आणि तिच्या घरात दसऱ्याला घोड्याची काहीतरी रीत पाळतात. जाऊन यावं असं त्यांनी ठरवलं. पद्माबाई म्हणाल्या, मीही येते. चौऱ्याऐंशीनंतर त्यांनी त्या गावात पाऊल टाकलं नव्हतं.

दसऱ्याच्या दुपारी औंढ्यावरून वसमत आणि वसमतहून जीपने हट्टा. घर साधं, पत्र्याचं. अंगणात सोयाबीनचा ढीग, त्यावर कोंबड्या. आत टीव्ही चालू. दाराच्या उजव्या अंगाला काळ्या दगडाची लांबट डोण होती, जनावरांना पाणी पाजायची. पद्माबाई तिच्यापाशी थांबल्या. पंचनाम्यात तिचं वर्णन होतं. एका कोपऱ्याचा टवका उडालेला.

सखुबाई ऐंशीच्या पुढची, बाजेवर पाय लांब करून बसलेली. कपाळभर कुंकू. मुलगा शेतात गेला होता. सून ज्योतीने चहा दिला. मास्तरांनी कागद काढून मोठ्या हौसेने पहिला चेहरा मराठीत सांगितला. करंगळीपाशी आल्यावर म्हातारीने सुनेला टीव्ही बंद करायला लावला.

"करंगळी आमच्या मामंजीची गेलती," ती म्हणाली. "उसाच्या चरकात. म्या लग्न होऊन येयाच्या आधीच ते घरातून गेले. आमच्या सासूच्या, भागू आत्याबाईंच्या तोंडून लई ऐकलं."

मास्तरांनी जरा थांबून दुसरा चेहरा सांगितला. सखुबाई ऐकत राहिली. मग स्वतःच्या उजव्या कानाला तिने बोट लावलं.

"हा आमच्या यांचा. रेड्यानं शिंग मारलं व्हतं."

ज्योतीने खालच्या आवाजात खुलासा केला. सासरे, कोंडीबा, बहात्तरच्या दुष्काळात कळमनुरीच्या बाजाराला बैल पाहायला गेले, ते गेलेच.

"आजी, हे कागद साडेतीनशे वर्षांचे आहेत," मास्तर म्हणाले.

"असतील. म्या कुठं न्हाई म्हन्ते?"

मग तिने रीत सांगितली. घराण्यातला कोणी एक स्वार कधीकाळी मोहिमेवर गेला आणि त्याचं काही कळलं नाही. तेव्हापासून दसऱ्याला दिवस मावळताना डोणीत भिजवलेले हरभरे टाकतात. कोरडे नाही, लांबून आलेल्या घोड्याला कोरडे चालत नाहीत. टाकणारी बाई अशी हवी, की जिचा माणूस घरातून गेला आहे आणि जिने त्याच्या नावाचं कुंकू पुसलेलं नाही. अशी एक बाई या घराला कायम मिळत आली. ज्योतीचा नवरा घरात आहे, म्हणून तिला चालत नाही. आणि सखुबाईला आता बाजेवरून उतरवत नव्हतं.

"तुमच्या मालकाची पिशवी आमच्याच डोणीपाशी सापडली," ती पद्माबाईंना म्हणाली. "तवाच माझ्या मनात आलतं. पर तुमाला येऊन सांगावं तरी कसं? या साली तुमी टाका, बाई."

मास्तरांनी पद्माबाईंकडे पाहिलं. त्या उठल्याही होत्या.

"एक ध्यानात ठेवा," सखुबाई म्हणाली. "घोड्याला बोलवायचं. माणसाला न्हाई."

"काहून?" ज्योतीनेच विचारलं. तिलाही हे माहीत नसावं.

"आत्याबाईंनी सांगितलं न्हाई. म्या इचारलं न्हाई."

मास्तर आतच बसले. पद्माबाई पितळी पातेलं घेऊन बाहेर आल्या. गावातली माणसं सोनं लुटायला देवळाकडे गेली होती. रस्ता मोकळा होता. समोरच्या तुरीवर ऊन तांबूस झालं होतं आणि कुठूनतरी चुलीचा धूर येत होता. त्यांनी हरभरे डोणीत ओतले. ओल्या हरभऱ्यांचा कच्चा, हिरवट वास आला.

काय म्हणावं ते त्यांना सुचेना. घोड्याला काय म्हणून हाक मारतात? त्या नुसत्याच "ये, ये" म्हणाल्या, जसं आपण गाईला म्हणतो. स्वतःचंच त्यांना थोडं हसू आलं.

कोंबड्या ढिगावरून उतरल्या आणि घराच्या मागे गेल्या.

मग वास बदलला. घामेजलेलं चामडं, उन्हात तापलेलं केसाळ अंग. पद्माबाईंचा हात अजून डोणीच्या काठावर होता. त्यावर गरम, ओलसर वाफ आली. गेली. पुन्हा आली.

हरभरे चघळल्याचा आवाज सुरू झाला. सावकाश, भरल्या तोंडाचा. डोणीतले हरभरे मधोमध खाली जाऊ लागले.

पद्माबाई हलल्या नाहीत. त्यांना भीती वाटली नाही, हे त्यांना फार पुढे आठवलं. त्या वर पाहत होत्या. घोड्याच्या पाठीवर माणूस बसला असता तर त्याचा चेहरा जिथे आला असता, तिथे.

तिथे मावळतीचं आभाळ होतं.

तेरा वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. मंगळागौरीला बायका अडवत, तेव्हा उखाण्यातही त्या लाजून 'रावांचं' म्हणून उरकत. शाळेच्या कागदांवर लिहीत, पण उच्चारलं कधीच नाही. ते गेल्यावर पोलिसांनी नाव विचारलं तेव्हा दिराने सांगितलं. शोधायला माणसं रानात गेली, त्यांनी हाका मारल्या. पद्माबाईंनी नाही.

"शिवशंकर," पद्माबाई म्हणाल्या.

चघळणं थांबलं. लगाम खेचल्यावर थांबतं तसं, अर्ध्यातच.

"शिवशंकर. घरी चला."

वाफ हातावरून गेली. वास गेला. डोणीत हरभरे अर्धे उरले होते, आणि त्यांच्यावर फेसाळ लाळेची एक तार चमकत होती. तीही बघता बघता वाळली.

आत गेल्यावर सखुबाईने विचारलं, "कुनाला हाक मारली?"

"घोड्याला," पद्माबाई म्हणाल्या.

म्हातारी भिंतीकडे तोंड करून बाजेवर आडवी झाली.

तिसरी प्रत दिवाळीनंतर आली. मास्तर ती घेऊन सकाळीच पद्माबाईंकडे आले. एरवी ते घरी एकदा वाचून येत. या वेळी पाकीट न फोडताच आणलं होतं. ओसरीवर बसून त्यांनी कागद उलगडला आणि एकेक शब्द लावत वाचू लागले.

"रायाजी वल्द सोमाजी, मौजे हट्टा. उमर अडतीस. गव्हाळ. डाव्या दंडावर दोन गोल वण, शेजारी शेजारी, रुपयाहून लहान." ते थांबले. "देवीचे असावेत. पण देवीचे वण असे दोनच, एका रेषेत..."

"टोचल्याचे," पद्माबाई म्हणाल्या. "देवी टोचून घेतल्याचे."

"तेव्हा टोचत नव्हते, बाई."

"पुढे वाचा."

"डाव्या मनगटावर चार बोटं रुंद... नाही, दोन बोटं रुंद, पट्ट्यासारखी गोरी कातडी, चौफेर. बाकी हात उन्हाने रापलेला. कारण समजत नाही, असं त्याने लिहिलंय."

पद्माबाईंनी डोळे मिटले. रात्री घड्याळ काढून फडताळात ठेवल्यावर त्या मनगटावर दिसणारा तो पट्टा. रानोमाळ उन्हात फिरणाऱ्या माणसाच्या अंगावरची तेवढीच गोरी जागा. तिच्यावर त्या बोट ठेवत.

मास्तरांचा आवाज खाली आला होता.

"घोडा काळा, कपाळावर चांदणी, वय सात वर्षे. पुढे 'हाजिर' नाही. समासात काही वेगळं लिहिलंय. 'आपले नाव दुसरे सांगतो. म्हणतो, घरून हाक आली. पायी निघून गेला. नाव कमी केले.'"

"आणखी?"

"'घोडा इथेच आहे. जागा रिकामी.'"

मग पद्माबाईंनी विचारलं, तेव्हाच्या छावणीपासून हिंगोलीपर्यंत पायी यायला किती लागेल?

"अंतर विचारताय, बाई," मास्तर म्हणाले, "की साल?"

निसार मास्तरांनी हट्ट्याचा इतिहास पुरा केला नाही. दप्तरखान्याने आणखी एक प्रत त्यांना न मागता पाठवली. तिचं पाकीट त्यांनी आणून पद्माबाईंच्या हाती दिलं. पुढच्या उन्हाळ्यात ते वारले. सखुबाई त्याआधीच, त्या थंडीत गेली. रस्ता रुंद झाला तेव्हा डोण उचलून शाळेच्या नळाखाली नेली. पोरं तिच्यात हात धुतात. ज्योती सांगते, दसऱ्याच्या संध्याकाळी त्यांच्या दारात काहीतरी पाय आपटतं, पण हरभरे ठेवायला डोण नाही आणि टाकायला बाई नाही.

पद्माबाईंनी अर्जावर सही केली नाही. वाटेत असलेल्या माणसाला मेला कसं लिहू, एवढंच त्या म्हणाल्या. सुरजने वाद घातला नाही. पडवी तशीच आहे. फडताळातली घड्याळ ठेवायची जागा त्या रोज पुसतात. संध्याकाळी ओसरीवर बसतात, औंढ्याच्या रस्त्याकडे तोंड करून, आणि लांबून कोणी चालत येताना दिसलं की आधी त्याच्या डाव्या हाताकडे पाहतात.

शेवटचं पाकीट त्यांनी फोडलेलं नाही; रिकाम्या जागेवर आता कुणाचा चेहरा लिहिलाय, ते त्यांना वाचायचं नाही. ते कपाटात साड्यांखाली आहे.

सुरजच्या दंडावर वण एकच आहे, लहानपणीच्या इंजेक्शनचा. हे त्यांनी त्याच दिवाळीत पाहून घेतलं होतं. परवा त्याचा अंगठा गाडीच्या दारात सापडला, चार टाके पडले. तो येऊन गेला तेव्हा पद्माबाईंनी हात हातात घेऊन पट्टी सोडली आणि उजेडाला धरून नीट पाहिलं. नखाच्या खाली, उजव्या अंगाला, चंद्रकोरीसारखा वण राहणार आहे.

आणि आज दसरा आहे, सकाळीच त्यांनी पातेल्यात मूठभर हरभरे भिजत घातलेत.