बुधवारचा टिल्ट

बुधवारी दुपारी, एकला पाच कमी असताना, मालकानं दुकानाचं शटर अर्धं वर केलं, आत शिरून दिवे लावले आणि दारावर पाटी अडकवली: 'आज अडीचनंतर.' काम तसं किरकोळ होतं. पाच नंबरचं मशीन उघडायचं, आतला ओळंबा बघायचा आणि निवृत्त झालेल्या एका गणिताच्या बाईंना तोंडावर खोटं पाडायचं. यातलं शेवटचं काम त्याच्या खास आवडीचं.

दुकान जुन्या पिनबॉल मशीनचं. चार पायांवर उभ्या लाकडी पेट्या, काचेखाली उतरती फळी, फळीवर घंटा, दिवे आणि रबरी धक्के. स्प्रिंगचा दांडा ओढून सोडला की लोखंडी गोळी वर जाते. मग पेटीच्या दोन्ही अंगांची बटणं दाबत तिला खाली पडू द्यायचं नाही, एवढाच खेळ. अशी मशीनं आता कुठं बघायला मिळत नाहीत, म्हणून लांबून लोक यायचे.

पण मशीनपेक्षा जास्त नाव होतं ते तक्रारवहीचं. वही दाराशी साखळीनं बांधलेली. गिऱ्हाईक निळ्या शाईत तक्रार लिही आणि मालक खाली लाल शाईत उत्तर ठोकी. 'गोळी फार लवकर पडते,' असं एकानं लिहिलं, तर खाली, 'गोळीला पृथ्वी ओढते. तक्रार तिकडे करावी.' कुणी लिहिलं, 'मोरीच्या दाराला कडी नाही.' उत्तर: 'आत दरोडा पडल्यास कळवावे.' लोक वही वाचून पोट धरून हसत, तिचे फोटो काढून नेत.

"लोक खेळायला कमी आणि तुमचा माज वाचायला जास्त येतात," असं बायको म्हणाली होती. त्यानं ते कौतुक समजून खिशात टाकलं.

समजणारच. तक्रार करणाऱ्याला हसण्यावारी नेण्याइतकी स्वस्त सत्ता जगात दुसरी नाही. तिला खुर्ची लागत नाही, हुद्दा लागत नाही. लाल पेन असलं की भागतं. आणि तक्रार खरी निघाली तर? तर पान फाडता येतं.

गणिताच्या बाई गेले चार महिने दर बुधवारी येत होत्या. साठीच्या पुढच्या, बारीक चणीच्या, खांद्याला कापडी पिशवी. पाच नंबरवर तासभर वाईट खेळायच्या आणि निघून जायच्या. त्यांची पहिली तक्रार अशी: 'पाच नंबरचे मशीन दर बुधवारी एक वाजून वीस मिनिटांनी आपोआप टिल्ट होऊन बंद पडते. मी हलवत नाही. आज त्या वेळी मी दोन्ही हातांनी चष्मा पुसत होते.'

लाल शाईत: 'बाई, चष्मा लावून खेळा.'

दुसरी: 'मशीनवर क्रमांक आहेत. पाचनंतर सात कसा? सहा कुठे आहे?'

लाल शाईत: 'रजेवर.'

तिसरी एका ओळीची होती. 'तुम्ही उत्तर देता, तपासत नाही.'

याच्यावर मात्र मालकाला काही सुचेना. दोन दिवस पेन हातात घेऊन बसला आणि शेवटी चिडून लिहिलं, 'बुधवारी एक वाजता या. तुमच्यासमोर उघडतो.'

बाई एकच्या ठोक्याला वाकून शटरखालून आत आल्या.

"या या, परीक्षक बाई. बसा."

"उभीच बरी. बसून तपासलेले पेपर चुकतात."

त्यानं मशीनांचा मेन स्विच खाली पाडला. मशीनांची गुणगुण थांबली. पाच नंबरची काच सरकवून त्यानं फळी उचलली, तिला टेकू दिला. जुन्या लाकडाचा, धुळीचा आणि रबराचा वास वर आला.

"हे बघा," तो म्हणाला. "गोळी वाचवायला लोक मशीनला ढुशा देतात. त्यांच्यासाठी हा बंदोबस्त. डाव्या भिंतीला सळई टांगलीय, तिच्या टोकाला हे वजन. गवंड्याचा ओळंबा असतो ना, तसाच. भोवती पितळी कडं. मशीन हललं की वजन कड्याला टेकतं, टिल्टचा दिवा लागतो, बटणं मरतात, डाव खलास. ओळंबा आपोआप टेकत नाही, बाई. तो फक्त..."

तो बोलायचा थांबला.

सळई सरळ लोंबत नव्हती. वजन आत, उजवीकडे झुकलेलं होतं. कड्यापासून केसभर लांब. मालकानं बोटानं ते मध्ये आणलं, सोडलं. वजन दोनदा डुललं आणि परत तिथंच जाऊन थांबलं.

"सळई वाकली असेल," तो म्हणाला. सळई त्यानं काढून काउंटरवर ठेवली. सुतासारखी सरळ. परत अडकवली. परत कलली.

"मशीनच कललंय. पाय खालीवर झाले असतील."

बाईंनी पेटीच्या काठावरच्या पाणसळीकडे नुसती मान केली. मालकानंच ती ठेवली होती, त्यांना गप्प करायला. बुडबुडा बरोबर मध्ये होता.

"दुसरं उघडा," बाई म्हणाल्या.

चार नंबरचा ओळंबाही कललेला. तीनचाही. आठचा आणि शेवटच्या नऊचा मात्र उलट बाजूला, डावीकडे.   बाईंनी पिशवीतून खडू काढला. नोकरी सुटली तरी खडू सुटला नव्हता. मालकाची लाकडी पट्टी मागून घेतली आणि प्रत्येक मशीनखाली, ओळंबा ज्या दिशेला कलला होता त्या दिशेनं, फरशीवर सरळ रेघ ओढत गेल्या. गुडघ्यांवर बसून, कण्हत, पण रेघ हलू न देता. आठ मशीनं, आठ रेघा.

सगळ्या रेघा एका ठिकाणी मिळाल्या. पाच आणि सात नंबरच्या मध्ये एक बाक होता. त्या बाकाच्या पुढं, रिकाम्या फरशीवर.

"इथं काय होतं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. बाक आहे."

"सहा नंबर इथं होतं."

मालक वाकून बाकावरची धूळ झटकू लागला.

"माझा भाऊ घड्याळजी होता," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "जेवायची सुट्टी झाली की डबा न उघडता तुमच्याकडे यायचा. मी ओरडायचे, अरे, आधी दोन घास खा. दोन वर्षांपूर्वी, बुधवारीच, याच सुमाराला इथं गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. या खेळात त्याला एवढं काय दिसायचं, ते बघावं म्हणून मी येते. एवढंच. तो कुठल्या मशीनवर होता, मालक?"

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली.

टिण्. आवाज अगदी बारीक, पितळेवर लोखंडाचा. पाच नंबरमधून आला. मग चारमधून. मग सातमधून... एकेक करत आठही मशीनांतून. मेन स्विच खाली होता. मालकानं मान वळवून खात्री केली, खालीच होता. तरी पाच नंबरच्या कपाळावर टिल्टचा लाल दिवा लागला. आणि बाकापाशी जळक्या वायरचा वास येऊ लागला.

हा वास मालक ओळखून होता.

"मी... मी उघडून बघितलं होतं ते," त्याच्या तोंडून निघालं. "त्याच संध्याकाळी."

"काय दिसलं?"

"वायरचं वरचं कव्हर घासून गेलं होतं. आतली तार डाव्या अंगाच्या, बटणाजवळच्या लोखंडी पट्टीला टेकत होती. कधी टेके, कधी नाही."

बाईंनी बाकाची पाठ घट्ट धरली. "त्याला कळलं नाही? केसासारखी स्प्रिंग बोटांनी ओळखायचा तो."

"कळलं होतं. तीन आठवडे आधी त्यांनी लिहिलं होतं. 'सहा नंबरच्या डाव्या पट्टीला हात लागला की मुंग्या येतात. वायर बघावी.'"

"आणि तुम्ही काय लिहिलंत?"

मालकानं खाली बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःचं उत्तर तोंडानं सांगायचं होतं.

"'घड्याळजी, मशीन तुमच्यावर भाळलंय. मुहूर्त काढा.'"



"लोक हसले," तो म्हणाला. "ते स्वतःसुद्धा हसले, बाई. खरंच हसले. परत यायचे, खेळायचे... मी ते पान कापलं. वायरला चिकटपट्टी गुंडाळली. कुणाला सांगितलं नाही. तुमच्या घरी हृदय म्हणाले, म्हणून मीही हृदयच म्हणालो."

त्याला वाटलं, बाई आता किंचाळतील, मारतील, शेजारपाजारचे गोळा करतील. बाई ओळंब्यांकडे बघत होत्या.

"सरळ झाले," त्या म्हणाल्या.

खरंच झाले होते. आठही वजनं आपापल्या कड्याच्या मधोमध निश्चल लोंबत होती. लाल दिवा विझला होता, वासही विरला होता. मालकाच्या छातीवरचा दगड उतरला. त्यानं ऐकलं होतं, कबुली दिली की अशी माणसं सुटतात. "गेले," तो पुटपुटला. "सुटले बिचारे."

"गेला ते मलाही दिसतंय," बाई म्हणाल्या. "पण घाईनं गेला. कुठं?" आणि एकदम त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला. "ते मशीन कुठंय आता?"

"विकलं."

"तसंच? चिकटपट्टीवर?"

 मालक काउंटरकडे धावला. सहा नंबर ज्यांना विकलं, त्या गिरणी कामगारांच्या क्लबाचा नंबर हिशेबाच्या वहीत होता. काउंटरवरच्या जुन्या फोनचा रिसीव्हर त्यानं कानाला लावला. पाच घंटा वाजल्या, मग क्लबाच्या मॅनेजरनं उचलला.

"अहो, बरं झालं तुम्हीच केलात!" मॅनेजरचा आवाज इतका मोठा, की बाईंनाही ऐकू जात होता. "मीच तक्रार करणार होतो. तो तुमचा माणूस आवरा की जरा."

"कोणता माणूस?"

"रोज सव्वा-दीडला येतो, दुपारच्या सुट्टीत. मशीनला पाठ लावून उभा राहतो. बोलत नाही, खेळत नाही, दुसऱ्याला हात लावू देत नाही. कोण आहे म्हणून विचारलं तर नुसता हसतो. बुधवारी तेवढा फिरकत नाही. म्हणून बुधवारी आमच्याकडे रांग लागते बघा, ऐका..."

फोनमधून घंटा ऐकू आल्या. सहा नंबरच्या. त्या मशीनची तिसरी घंटा चिरकी होती. मालकानं ती हजारदा ऐकली होती.

"बंद करा!" तो ओरडला. "प्लग काढा त्याचा! पट्टीत करंट येतोय!"

"करंट? तरीच मघापासून पोरं म्हणताहेत, हाताला झिणझिण्या... थांबा, थांबा, बघतो!"

रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज झाला. धावणारी पावलं. मागं घंटा वाजतच होत्या, जोरजोरात, एकीवर एक. मालकाचे ओठ हलत होते. जन्मभर त्यानं मशीनची बाजू घेतली होती. आता तो एकच गोष्ट मागत होता, टिल्ट... टिल्ट होऊ दे रे...

घंटा थांबल्या.

मग शांतता. ना पावलं, ना बोलणं. तो ऐकत राहिला. बाईंनी पुढं येऊन त्याच्या हातातून रिसीव्हर घेतला. त्याची बोटं सुटत नव्हती, एकेक करून सोडवली. कानाला लावला. बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. मग चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"जेवलास का?" बाई म्हणाल्या.

मालक दोन पावलं मागं सरला. पाठ सात नंबरला टेकली, आणि तेवढ्यात त्याच्या खिशातला मोबाईल वाजला.

"अहो, मघाशी फोन कट झाला," मॅनेजर धापा टाकत होता. "तो डबडा फोन टेबलावरून खाली पडला, वायरच तुटली. हा माझ्या मोबाईलवरून करतोय. प्लग काढलाय. पण त्याच्या आधीच मशीन टिल्ट होऊन बंद पडलं होतं. हात लावून उभी असलेली पोरं मागं फेकली गेली. ठणठणीत आहेत सगळी."

"आणि तो?" मालकानं विचारलं. "तो माणूस... आलाय का तिथं?"

"तो? छे! आज बुधवार ना. कोणी नाही आलेलं."

मालकानं मोबाईल खाली केला. काउंटरपाशी बाई अजून रिसीव्हर कानाशी धरून उभ्या होत्या. मान किंचित कललेली, जशी लहान भावाचं ऐकताना कलते.

"हो रे," त्या म्हणत होत्या. "नाही, एकटा नको थांबूस... हो... अरे हो, निघाले. येतेच मी."