नवी टेप

मोबाइल उलटे ठेवा आणि जरा सरकून बसा. भूत म्हटलं की तुम्हाला पांढरे कपडे आणि उलटे पाय हवे असतात. तसलं माझ्याकडे काही नाही. माझ्याकडे आहेत ते चौकातले टेलर. मान खाली घालून मशीन चालवतात ते मास्तर, तुम्ही रोज बघता त्यांना. त्यांचं दुकान इथून हलणार होतं. सामान टेम्पोत चढलंसुद्धा होतं. मग दुकान अजून इथेच कसं, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. मला मास्तरांनी एकदाच सांगितलं आणि पुन्हा विषय काढू दिला नाही.

त्यांना एक मुलगी होती. नवा फ्रॉक घातला की घेर किती उडतो ते बघायला चक्कर येऊन पडेपर्यंत फिरायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. गोड, आणि तितकीच आगाऊ. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची, "काकू, मागच्या वेळी तुम्ही बारीक होता." मास्तर डोळे वटारायचे आणि काकू गेल्या की त्यांचीच हसून हसून मुरकुंडी वळायची. माप घ्यायला उभी केली की टेपचं टोक दातांत धरायची. सोड म्हटलं की अजून घट्ट. सातव्या वर्षी वरचे पुढचे दोन दात पडले, तरी खोड गेली नाही. आजूबाजूच्या दातांनी धरायची. त्याच वर्षी मास्तरांनी तिच्यासाठी पिवळा फ्रॉक कापला. कच्ची शिलाई झाली, ट्रायल तेवढी राहिली. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत पोर गेली.

मास्तरांचं जगणं त्या फ्रॉकपाशीच अडलं. ट्रायल झाल्याशिवाय पक्की शिलाई मारायची नाही, हा त्यांचा नेम. त्यामुळे फ्रॉक पुरा होईना आणि मोडवेना. तीन वर्षं तो ट्रायलरूमच्या खुंटीवर होता. दुकान बंद करताना मास्तर पडद्याआड जाऊन त्याच्याशी बोलायचे, आणि त्यांची बायको, म्हणजे आपल्या वहिनी, बाहेर उभ्या राहून ऐकायच्या. शेवटी वहिनींनीच दुसऱ्या गावी जागा बघितली. निघायच्या आदल्या दिवशी जेवताना त्या म्हणाल्या, "तो फ्रॉक गाडीत चढला, तर मी चढणार नाही." बाई काळजाच्या कठोर नव्हत्या. एक गेली, दुसरा डोळ्यांदेखत खंगत चालला होता. तो तरी वाचावा, एवढंच त्यांना हवं होतं.

मास्तरांनाही ते पटलं. ऑक्टोबरातला शेवटचा शनिवार होता. रात्री पावणेबाराला ते किल्ली घेऊन निघाले. मोबाइल चार्जिंगला घरीच राहिला. फ्रॉक उसवायचा, कापड कुणाला तरी देऊन टाकायचं, आणि विषय मिटवायचा, असं ठरवून निघाले होते. खिशात नव्या दुकानासाठी दुपारीच घेतलेली टेप होती, प्लास्टिकच्या पिशवीतून अजून काढलेलीही नव्हती.

दुकान रिकामं होतं. भिंतीवर कपाटांचे चौकोनी डाग, एक स्टूल, एक दिवा. मास्तर स्टुलावर बसले. फ्रॉक मांडीवर घेतला. कात्रीचं टोक पहिल्या टाक्यात घातलं, आणि हात चालेना.

"माझ्याच्यानं होत नाही गं," ते म्हणाले.

दिवा गेला.

वीज गेली असेल, असं त्यांना वाटलं. पण शटरच्या फटीखाली रस्त्यावरचा उजेड तसाच होता. काळोख फक्त आत होता.

ट्रायलरूमच्या पडद्याची एक कडी सरकली. मग दुसरी...

मग समोर कुणीतरी येऊन उभं राहिलं. पाऊल वाजलं नाही. श्वास नाही. मास्तरांनी हात पुढे केला...

खांदा. थंडगार.

बोटांनी तो लगेच ओळखला. पण तो पूर्वीच्या जागी नव्हता. बसून माप घेताना हात खाली न्यावा लागायचा. आता वर न्यावा लागला.

 त्यांना पळावंसं वाटलं. आपल्याच पोरीची भीती वाटते याची लाज वाटली, आणि तरी भीती जाईना. हात मात्र आपलं काम करत होते. पिशवी फाडली. टेप काढली. एक टोक खांद्यावर धरलं. दुसरं खाली सोडलं.

खांद्यावरचं टोक हातातून निसटलं. कुणीतरी ते ओढून घेतलं. टेप ताठ झाली.

"सोड," मास्तर म्हणाले. सवयीनं.

अजून घट्ट.

मग... दिवा आला. समोर कुणी नव्हतं. टेप फरशीवर पडली होती आणि फ्रॉक मांडीवर होता. मास्तरांनी दोन्ही उचललं, शटर ओढलं आणि घर गाठलं.

वहिनी जाग्याच होत्या. फ्रॉक बघून त्यांचा चेहरा उतरला. मास्तरांनी घडलं ते सगळं सांगितलं. हे तुमच्या मनाचे खेळ, असं म्हणत त्यांनी फ्रॉक ओढून घ्यायला हात पुढे केला, आणि त्यांना टेपचं टोक दिसलं. त्यांनी ते दिव्याखाली धरलं. मग उठल्या आणि कपाटात कपड्यांच्या तळाशी ठेवलेली, पिवळ्या फ्रॉकच्या वेळची जुनी टेप काढली. ती त्यांनी जपून ठेवली आहे, हे मास्तरांना माहीतच नव्हतं.

दोन्ही टेपा त्यांनी मांडीवर शेजारी शेजारी ठेवल्या. जुनीवर दातांच्या खुणा दोन्ही बाजूंना होत्या, मध्ये कोरं. नवीवर मध्ये कोरं नव्हतं. तिथे दोन खुणा होत्या, बाकीच्यांपेक्षा रुंद, दुधाचे पडून नवे येतात तेव्हा असतात तशा.

वहिनी कितीतरी वेळ त्यांवरून बोट फिरवत राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "दात आले तिला."

सकाळी टेम्पो रिकामा करायला लावला तो त्यांनीच. पण त्या रात्री त्या बोट फिरवत होत्या ना... तेव्हा टेपचं टोक अजून ओलं होतं.