येतो म्हणून गेलेले

कॅमेऱ्याचा दुकानदार आधी घाबरवतो आणि मग विकतो. "ताई, रस्त्याकडे तोंड करून लावायचा की आत?" त्यानं विचारलं. म्हटलं, बाबा रे, मला चोर पकडायचा नाहीये, आईला पकडायचंय. तो हसला. मला काही हसू येत नव्हतं.

आई दुपारी पुढच्या दाराला कडीच लावत नव्हती. एकटी राहणारी म्हातारी बाई, गुडघे कामातून गेलेले, घर अगदी रस्त्याला लागून. दादानं टुमणं लावलं होतं, "एकदा कुणी घुसलं म्हणजे कळेल. तिला माझ्याकडे नेतो आणि घर विकून टाकू." त्या घराबाहेर आई तग धरणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हटलं, कॅमेरा लावते, लक्ष ठेवते, मग बोल.

कडी न लावण्याचं कारण बाबा. पुढच्या खोलीत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. एका दुपारी ते "येतो गं" म्हणून बाहेर पडले आणि कोपऱ्यावरच कोसळले, ते कायमचेच.

"येतो म्हणालेत ते," आई म्हणायची. "कडी कशी लावू?"

"अगं, सगळेच येतो म्हणतात! निघताना जातो कोण म्हणतं?"

"तुझे बाबा शब्दाचे पक्के आहेत." एवढं म्हटलं की विषय संपला.

शेवटी आवाजही टिपणारा कॅमेरा घेतला. दारातून कुणी आलं की माझ्या फोनवर 'आत', गेलं की 'बाहेर'. पुढच्या खोलीत, डोळे तपासायच्या अक्षरांच्या तक्त्याच्या वर, दाराकडे तोंड करून तो बसवला.

खरं सांगते, पहिले काही दिवस मी आईवर लक्ष ठेवलंच नाही. खोलीच बघत बसले. भिंगांची लाकडी पेटी, आतली मखमल उडालेली. गिऱ्हाइकांचं बाक. लहानपणी त्या बाकावर बसवून बाबा माझ्या नाकावर ती जड चाचणीची फ्रेम ठेवायचे आणि एकेक भिंग बदलत विचारायचे, "हे बरं, का हे?" माझे डोळे ठणठणीत होते. पण मी मुद्दाम चुकीचं वाचायचे, कारण तेवढा वेळ ते फक्त माझे असायचे. त्यांनाही ते कळत असणार. ऑफिसात चहा गार व्हायचा आणि मी फोनमधल्या रिकाम्या बाकाकडे बघत असायचे.

मग दुपारी, आई आतल्या खोलीत आडवी झालेली असताना, फोनवर 'बाहेर' उमटू लागलं. चित्रात दार उघडायचं आणि मिटायचं. माणूस नाही. वजनकाटे तपासण्याची माझी नोकरी. काटा उगाच हलत नाही, एवढं मला कळतं. वारा असणार, नाहीतर यंत्र खराब. मी कॅमेरा नेऊन दुकानदाराच्या टेबलावर आदळला. "भंगार गळ्यात मारलंस माझ्या!" त्यानं निमूटपणे दुसरा दिला. हा वाऱ्याला फसत नाही म्हणाला.

दुसऱ्यानंही तेच दाखवलं. फक्त याचा कान तिखट होता. बाक किरकिरलं. चपला पायात सरकल्या. मग कुणीतरी घसा खाकरला.

"येतो गं."

मला भीती नाही वाटली. रडू फुटलं. किती दिवसांनी ऐकत होते तो आवाज! ऑफिसच्या जिन्यात उभी राहून मी तो पुन्हा पुन्हा लावला. मग सवयीनं सगळ्या नोंदी चाळल्या. 'आत' म्हणून फक्त मी, दादा आणि शेजारीण.

बाबा रोज जात होते. येत कधीच नव्हते.

आईला मी आवाज ऐकवला. तिचा चेहरा उजळला.

"आणि परत कधी येतात गं?"

"संध्याकाळी," मी ठोकून दिलं. "दाराला कडी असली तरी येतात. लाव तू खुशाल."

आई लहान पोरीसारखी हसली आणि कडी लावू लागली. दादाचं घर विकायचं टुमणंही थांबलं. मला वाटलं, सुटलो सगळे.

तेव्हापासून दुपारी फोनवर काहीच उमटेना. एका दुपारी मीच कॅमेरा उघडून बघितलं.

दाराची कडी आतल्या बाजूनं खडखडत होती.

"अगं, कडी काढ ना." बाबा. रागावलेले नव्हते, नुसते घाईत.

आई आली. नीट केस विंचरलेले. कडी काढून ती दारातल्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली.

"थांबा," म्हणाली, "मी पण येते."

दार मिटलं. खोलीत कुणी नव्हतं.

फोनवर उमटलं, 'बाहेर, दोन'.

मी धावत सुटले. दार आतून बंद होतं. ठोकलं, तर आईनंच उघडलं. धडधाकट. मी तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडले. तिचे हात खालीच राहिले.

तिनं चहा केला. छान केला. आत-बाहेर करताना तिचे गुडघे जरासुद्धा दुखत नव्हते. तेवढ्यात दादाचा फोन आला, पुन्हा घराचंच. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "विका की. मला काय करायचंय हे घर?" दादा केवढा खूश झाला.

मला तिथे बसवेना. पर्स उचलली. ती दारापर्यंत आली.

"येते गं आई," मी म्हटलं.

निघणाऱ्याला आई उभ्या जन्मात 'ये' सोडून दुसरं काही म्हणाली नव्हती.

"जा," ती म्हणाली.