कापसाच्या खोलीतला वायफाय

अकीलले तुमी वळखता. जळगाव जामोदले स्टँडासमोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान हाये, तोच. आता अंधार पडल्यावर तो पहाडाकडच्या गावाले जात नाई. लोक म्हन्तात, बायकोले भेते. हसा बे, हसा. मले त्यानं सोता सांगतलं हाये, आन् तो काई थापा मारनारा मानूस नाई.

दोन हजार तेवीसची गोष्ट. संक्रांतीची आदली रात, भोगीची. त्या साली भाव चढंन म्हनून लोकायनं कापूस इकलाच नाई, घरातच भरला. खोलीत कापूस, मानसं ओसरीत. घरोघरी लेकरं कापसातल्या किड्यायनं आंग खाजवून राह्यले होते.

अकील दुकानाचं शटर ओढत होता, तवा एका पोराच्या हाती रुख्मिणीबाईचा निरोप आला. तिचं गाव पहाडाच्या पायथ्याशी, तिथं टावरची रेंज नाई. तिच्या मालकानं, शालिग्रामनं, जित्ता असताना पोरीसंगं बोलाले घरात वायफायची वायर घेतली होती. पोरगी योगिनी, लगीन करून सुरतले देल्ली. पोळ्याच्या आधी शालिग्राम कपाशीवर औषध फवारून आला, उलट्या झाल्या, आन् दवाखान्यात नेता नेता वाटंतच गेला. तवापासून बाई एकटी. निरोप एवढाच होता, की वायफाय लागत नाई आन् योगिनीचं आज रातीच सिझर हाये.

अकीलनं गाडी काढली. रुख्मिणीबाई ओसरीत बसली होती. तोंडावर ना रडू, ना घोर. फोन पुढं केला.

"नुसती चकरी फिरून राह्यली," ती म्हने. "नवाले तिले आत नेतील. मूल आडवं हाये. सकाळी फोन लागला तवा पोरगी म्हने, आई, तुले पाह्यल्याबिगर मी आत जात नाई."

दुसऱ्याच्या घरची गोष्ट सांगावी तसं तिनं सांगतलं.

"काकू, माह्या गाडीवर बसा. जळगावात रेंज हाये, अर्ध्या घंट्यात पोचतो."

"मी हे घर सोडून नाई येत."

आता हिच्याशी काय डोकं लावता? अकीलनं फोन घेतला. चकरी फिरून राह्यली म्हनल्यावर जुनं कनेक्शन काढून टाकाचं, पासवर्ड मारून नवं जोडाचं. दुकानात दिवसभर तेच काम, बोटाले सवय. त्यानं काढून टाकलं.

"हं काकू, पासवर्ड सांगा."

"ते त्याइले ठाऊक."

"कोनाले?"

"योगिनीच्या बाबाले."

पासवर्ड त्या एका फोनात होता, आन् तो यानंच पुसला! वायफायचा डब्बा रिसेट केला त कंपनीचा नंबर टाका लागते, आन् त्यायचं हापिस सकाळी उघडते. त्यानं योगिनीचं नाव टाकून पाह्यलं. चूक. शालिग्रामचं टाकलं. चूक. गावाचं टाकलं. तेबी चूक. बाईनं शिव्या देल्या असत्या त बरं झालं असतं, तो म्हने.

"डब्बा कुठी हाये? कदी कदी खाली पासवर्ड छापेल असते."

"आत. कापसाच्या मांगं."

खोलीतला बल्ब गेला होता. पार फळीपर्यंत कापूस. बाईच्याच फोनची बॅटरी लावून अकील गुडघ्यावर वर चढला. पाय रुतत होते. नाकात बारीक तंतू. कोपऱ्यात फळीवर डब्ब्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. त्यानं डब्बा उलटा केला. चिठ्ठीवरचे अक्षरं पुरे उडून गेलते.

आता रिसेटबिगर इलाज नाई. खिशातून पिन काढली. डब्ब्याच्या भोकात लावली.

"दाबू नको."

मांगून आवाज आला. गड्याचा. हळू.

अकीलले वाटलं, शेजारचं कोनी आलं असंन. त्यानं वळून पाह्यलं नाई. "मंग काय करू, भाऊ? पोरगी तिकडं खोळंबली."

"…फोन दे."

अकीलनं फोन मांगं केला. कोनंतरी घेतला. हात वला होता.

मंग वास आला. फवाऱ्याच्या औषधाचा. उग्र… घशात बसनारा. जानेवारीत कोन फवारते?

अंधार. बॅटरी बंद झालती. कापूस हलत नव्हता. मांगं एवढा मोठा मानूस… आन् कापूस दबल्याचा आवाज नाई. श्वास नाई.

"भाऊ?"

…

"भाऊ, झालं का?"

फोन हातात आला. तसाच वला. वायफाय लागेल होतं.

अकील गडबडत खाली आला. फोन वाजतच होता. योगिनी, दवाखान्याच्या हिरव्या कपड्यात, रडून रडून डोळे सुजेल.

"आई! दिसली वं आई. मले लय भेव लागते."

"जाय माय. भिऊ नको. मी हाये इथंच."

तिले आत नेलं. पोरगी झाली, दोघी खुशाल, हेबी त्याच फोनवर समजलं. बाईनं फोन खाली ठेवला.

"काकू… आत कोन हाये?"

तिनं त्याच्याकडं पाह्यलं. पयल्यांदाच नीट पाह्यलं.

"तुमच्यासंगं बोलले?"

अकीलनं नुसती मान हालोली.

"लोकायले वाटते, भाव चढंन म्हनून मी कापूस ठेवला. त्याइच्या हातचं शेवटचं पीक हाये ते. ते तिथंच असतात. मी रोज राती त्या दारात बसते." मंग म्हने, "माह्यासंगं नाई बोलत. पोरीसाठी बोलले… माह्यासंगं एक शब्द नाई."

अकीलले रडू फुटलं. तिले नाई फुटलं. ती उठली आन् खोलीच्या दारात जाऊन बसली.

अकीलनं जळगावपर्यंत गाडी कुठी थांबोली नाई. सकाळी दुकान उघडलं, आन् खिशातला त्याचा सोताचा फोन काढला. तो त्यानं कोनाले देल्ला नव्हता, खिशातून काढलाबी नव्हता. मले बलावून दाखोला. स्टँडासमोर, भर उजेडात, त्या गावापासून इतक्या दूर… शालिग्रामच्या घरचं वायफाय त्याच्यावर जोडेल होतं. पुऱ्या दांड्या.