पत्र्यावरचा एक ठोका

ही गोष्ट खरी आहे. सांगताना माझ्याकडून कुठे चूक होईल, ही धास्ती मला आहेच. पण ज्याच्या बाबतीत ती घडली, तो मुसेम्बी माझ्या जुन्या पुस्तकांच्या टपरीशेजारी बसतो, आणि खोटं बोलायला जेवढं बोलावं लागतं, तेवढंही तो कुणाशी बोलत नाही.

नैरोबी. किरिन्यागा रोड. जुलैतला ढगाळ, गारठलेला शुक्रवार. दिवस मावळायला थोडाच अवकाश होता.

मुसेम्बी मटाटूंमध्ये, म्हणजे इथल्या खासगी मिनीबसमध्ये, सबवूफर आणि ॲम्प्लिफायर बसवतो. रोंगाईच्या रस्त्यावर ज्या मटाटूचं गाणं छातीत धडधडत नाही, तिच्याकडे पोरं ढुंकूनही बघत नाहीत. त्यामुळे त्याच्या शटरपुढे गाड्यांची रांग असायची.

मग ती आटत गेली. कारण...

मुसेम्बीला ऐकू येईनासं झालं होतं.

आयुष्य भोंग्यांपाशी गेलेला माणूस. आधी पाखरं गेली, मग बायकांचे आवाज, मग सगळंच. आता तो पत्र्यावर तळहात ठेवून काम करायचा. समोरच्याचं बोलणं ओठांवरून ताडायचा, नाहीतर नुसता हसायचा. कुणाला सांगायची सोय नव्हती. बहिऱ्याकडून आवाज कोण बसवून घेईल? बायको कधीच गेलेली. दुकानही गेलं, तर दिवसभरात त्याच्या दाराशी माणूस फिरकणार नव्हता.

त्याचं हे गुपित एकालाच कळलं होतं. ओबुरा नावाच्या कंडक्टरला. तो हाक मारत नसे. मुसेम्बी शटरला पाठ टेकून बसलेला असे, तेव्हा बाहेरून शटरवर एकच ठोका द्यायचा. पाठीला कळायचं, ओबुरा आला.

मटाटूची भाषाच ती. गाण्यापुढे ड्रायव्हरला काही ऐकू येत नाही, म्हणून कंडक्टर पत्र्यावर ठोकतो. दोन ठोके म्हणजे चल. एक ठोका म्हणजे थांब, कुणीतरी उतरतंय.

आदल्या वर्षी ओबुरा चालत्या गाडीच्या दारातून पडला आणि गेला.

तर त्या शुक्रवारी करूगा नावाचा ड्रायव्हर गाडी घेऊन आला. हिरवीगार, नुकतीच रंगवलेली.

"काय म्हातारबा, आहात का अजून?" करूगा म्हणाला. "संध्याकाळच्या फेरीला ही वाजली पाहिजे हां. मालक म्हणत होता, दुसरीकडे जा, म्हातारा ठार बहिरा झालाय. मी म्हटलं, एकदा बघू तरी."

"तुझ्या मालकाला सांग, त्याच्या घरचा डास इथे ऐकू येतो मला."

करूगा पोट धरून हसला. "बरं बरं. मी जेवून येतो. उगाली निवतेय तिकडे."

मुसेम्बी एकटाच गाडीत शिरला.

आधी त्याने बॅटरीजवळचा फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकला. हात आत असताना कुणी चुकून चालू करू नये म्हणून. त्याची नेहमीची सवय.

सबवूफरचा खोका मागच्या बाकाखाली सरकवला. बाजूला ॲम्प बसवला. राहिली अर्थिंगची वायर. ती रंगावर बसवली की आवाज घरघरतो, म्हणून खाली उघडा पत्रा लागतो. त्याने पत्रा खरवडायला घेतला.

हिरवा रंग निघाला. आणि खाली...

जांभळा.

त्याचा हात थांबला. अपघातातली गाडी विकली गेली की नवा मालक रंग बदलतो, नाव बदलतो. जुनं नाव पुन्हा कुणी काढत नाही.

जांभळी गाडी ओबुराची होती.

गाडीत गारठा होता. दार बंद होतं.

आणि तेवढ्यात...

ठक्.

ते त्याच्या हाताला कळलं नाही. त्याला ते ऐकू आलं. स्वच्छ. कितीतरी दिवसांनी आलेला पहिला आवाज.

समोर सबवूफरचा पडदा थरथरत होता.

त्याने खिसा चाचपला. फ्यूज खिशातच होता...

ठक्.

एकच. थांब, कुणीतरी उतरतंय.

"ओबुरा?" तो म्हणाला. स्वतःचा आवाज मात्र त्याला ऐकू आला नाही.

तो पळाला नाही. कसा पळणार? काम अर्धवट टाकलं, तर मालकाचं म्हणणं खरं ठरलं असतं. त्याने वायर आवळली.

करूगा आला. फ्यूज लागला. गाणं सुरू होताच माझ्या टपरीतली पुस्तकं फळीवर सरकू लागली.

"फाडलंत, बाबा!" करूगा ओरडला. "मालकाचं तोंड बंद!"

नव्या कंडक्टरने दोन ठोके दिले. गाडी निघाली. आणि लगेच थांबली.

दार उघडलं. कंडक्टर खाली उतरून इकडेतिकडे बघू लागला.

"का थांबवलीस रे?" करूगाने खिडकीतून डोकं काढलं.

"मी कुठे? मी नाही ठोकलं!"

"मग काय तुझ्या आजीने ठोकलं?"

हे मी स्वतः पाहिलं. दारातून कुणीही उतरलं नाही. माझे कान शाबूत आहेत, पण तिसरा ठोका मला काही ऐकू आला नाही.

मुसेम्बी मात्र शटरपुढून बाजूला झाला. आत येणाऱ्याला वाट द्यावी, तसा.

तेव्हापासून तो रोज चहाचे दोन कप भरू लागला. शटरला पाठ टेकून बसायचा, मधूनच हसायचा, कुणाला तरी उत्तर द्यायचा. मला भीती वाटायची. खरं सांगायचं तर, थोडा हेवाही वाटायचा. विचारायचा धीर मात्र झाला नाही.

काल टपरी आवरत असताना तो आपणहून माझ्याकडे आला. चेहरा उजळलेला. बहिरेपणापासून गाडीतल्या ठोक्यांपर्यंत सगळं त्याने मला पहिल्यांदाच सांगितलं.

"तुला ऐकू आलं?" त्याने विचारलं. "आज दोन होते."

आज दुपार कलली, तरी त्याचं शटर उघडलेलं नाही.

मी मघापासून त्यासमोर उभा आहे. ठोकायला हवं...

पण किती वेळा ठोकायचं, ते मला ठरवता येत नाही.