लक्सा कसा झाला?

चेतना रहांगडालेने प्लेटमधलं भाताचं एक शीत चिमटीत उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं, बोटांनी दाबलं आणि म्हणाली, "नवा आहे."

"काय नवा आहे?" रिंकीने विचारलं.

"तांदूळ. फार तर महिन्याचा."

"अगं, फोटो तरी काढू दे! रविवारीही लॅबमध्येच बसून राहते का तू?"

दोघी राईस मिलमध्ये कामाला. रिंकी ऑफिसात, चेतना लॅबमध्ये. आलेल्या तांदळात ओलावा किती, तुकडा किती, डागी दाणा किती हे पाहायचं आणि कागदावर लिहून सही करायची, हे तिचं चार वर्षांचं काम. तिच्या सहीवरून ट्रक उतरायचे किंवा परत जायचे.

रेलटोलीतलं हे पहिल्या मजल्यावरचं कॅफे उघडून महिना झाला होता. नाव 'दहा ते दोन', कारण उघडं तेवढाच वेळ. गोंदियात सकाळी सातला पोहे होतात आणि अकराला जेवण. या दोघांच्या मध्ये कोण आणि काय खाणार, असा प्रश्न अख्ख्या गल्लीला पडला होता. पाटीवर नावाखाली लिहिलं होतं : नाश्ता म्हणा, जेवण म्हणा. मेन्यूत सगळे सिंगापूरचे पदार्थ, थोडे इकडच्या वळणावर आणलेले. रिंकीने दोघींसाठी चिकन राईस मागवला होता. कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला भात, वर कोंबडीचे पातळ काप, बाजूला आलं-मिरचीची चटणी.

"नवा आहे, तर काय झालं?"

आवाज मागून आला. चेतनाने वळून पाहिलं. कॅफेचा मालकच होता. ॲप्रन, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, ओले हात. आणि डोळे... चिडलेले, पण ऐकायला तयार.

"नवा तांदूळ रस्सा पीत नाही," ती म्हणाली. "वरून चिकट होतो, आतून कोरा राहतो. या पदार्थाला दोन वर्षं जुना पाहिजे. तुम्ही केलं चांगलं, पण माल चुकला."

"माझ्या बाबांनी पाठवलाय. सौंदडहून. पहिल्या चुरण्याचं, म्हणजे पहिल्या मळणीचं धान आहे, मॅडम. घरात कोणी चव घ्यायच्या आधी पोतं माझ्याकडे आलं."

पहिल्या चुरण्याचं धान ज्याला पाठवतात, तो त्या घरात किती लाडका असतो, हे चेतनाला सांगायला नको होतं. तिरोड्याजवळच्या तिच्याही गावात तेच चालायचं.

"मग आता काय करू?" तो म्हणाला. "बाबांना परत पाठवू?"

"कायले परत पाठवता? पेज करा."

"पेज?"

"नवा तांदूळ पेजेसाठीच असतो. आपोआप दाट होतो."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग कपाळावर हात मारला. ओल्या हाताचं पाणी तिच्या ओढणीवर उडालं.

"पॉरिज! सिंगापूरमध्ये रोज सकाळी चाळीस वाट्या काढायचो मी! तांदळाची पेज, वर तळलेला लसूण, कांद्याची पात, कोंबडीचे तुकडे. चार वर्षं केलं, आणि इथे आल्यावर... मेन्यूत टाकायला लाज वाटली. म्हटलं, आपल्या लोकांना पेज काय वाढायची!"

"आपले लोक पेज प्यायला कधीपासून लाजायला लागले, ते सांगा," रिंकी म्हणाली.

तो हसला. चेतनाने खाली पाहिलं आणि उरलेला भात संपवला. चिकट होता, तरीही.

निघताना तो दारापर्यंत आला. "हिमांशु कापगते. पुढच्या रविवारी या ना. पेज करतो. पण... खरं सांगायचं."

"खरं सांगायचाच पगार मिळतो मला," चेतना म्हणाली.

जिना उतरताना रिंकी कानाशी पुटपुटली, "पाणी पुसत नाहीस का ओढणीवरचं?"

"वाळेल," चेतना म्हणाली.

---

दुसऱ्या रविवारी पेज साडेअकरालाच संपली.

जिन्यावर माणसं उभी होती. पोह्यांचा ठेला लावणारे सेवकराम स्वतःचा ठेला पोराच्या हवाली करून वाटी चाटायला आले होते. अर्धं उकडलेलं अंडं सोया सॉसमध्ये फोडून देतात, ते मात्र त्यांनी लांब सरकवलं. "हे तं कच्चंच हाय, बाप्पा!"

चेतनाची वाटी हिमांशुने बाजूला काढून ठेवली होती. तिने एक घास घेतला. दुसरा घेतला. तो समोर उभा, हातात झारा, श्वास अडवून.

"मीठ अर्ध्या चिमटीने जास्त," ती म्हणाली. "बाकी... बाकी काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे चूक काही नाही."

त्याने झारा हवेत उडवला आणि झेलला. आत भांडी घासणाऱ्या धुरपताबाई ओरडल्या, "हिमांशुबाबू, कोणाच्या डोक्यात पडंल ना!"

त्याच दिवशी त्याने तिला आपली अडचण सांगितली. काया टोस्ट. नारळाचं दूध, अंडी आणि गूळ मंद आचेवर आटवून जॅम करायचा आणि लोण्याबरोबर भाजलेल्या पावात भरायचा. पण त्यात पांदान नावाच्या पानाचा वास लागतो. ते पान इथे मिळत नाही, आणि मागवलेल्या पावडरीला औषधाचा वास येतो.

"पानाचा वास कसा असतो?" तिने विचारलं.

त्याने डोळे मिटले. "गरम... गोडसर. शाळेतून घरी यावं आणि चुलीवर भात नुकताच उतरवलेला असावा, तसा."

गुरुवारी मिलला सुट्टी होती. दुपारी तीनला चेतना कॅफेत डबा घेऊन आली. डब्यात चिनोर तांदळाची कणी. हा तांदूळ शिजला की वास तीन घरं पलीकडे जातो, आणि कणी झाली म्हणून वास कमी होत नाही.

"नारळाच्या दुधात उकळा आणि गाळून घ्या. कणी फेका, दूध ठेवा."

दोघं शेगडीजवळ उभे राहिले. ती ढवळत होती, तो गाळणी धरून. दूध उकळायला लागलं, वाफ वर आली, आणि हिमांशुचा हात मध्येच थांबला.

"हाच," तो हळूच म्हणाला. "चेतना... हाच तो वास."

त्याने पहिल्यांदाच तिला नावाने हाक मारली होती. दूध उतू गेलं. दोघांनी एकाच वेळी गॅसकडे हात नेला, बोटं बोटांवर पडली, आणि ती बाजूला घ्यायला दोघांनाही जरा उशीरच झाला.

"तुम्ही—" ती म्हणाली.

"तू म्हण."

"तू... गाळणी नीट धर."

जॅम आटायला पाऊण तास लागला. ती ढवळत असताना त्याने सांगितलं. त्याच्या सिंगापूरच्या जुन्या हॉटेलचं पत्र आलं होतं. तिथल्या मोठ्या स्वयंपाकघरात दोन नंबरची जागा रिकामी झाली होती. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

"मग?" तिचा पळा कढईच्या कडेला लागला. आवाज झाला.

"मी स्वतःला एक सांगितलंय. लक्सा. नारळाच्या दुधातला तिखट रस्सा, तांदळाच्या शेवया, त्यात झिंगे. तिथे माझ्या हातचा लक्सा कधी कोणी वाढू दिला नाही, शिकाऊ आहेस म्हणाले. इथे मी बोदलकसाच्या तलावातले झिंगे घालून करणार. जमला, तर मी माझं स्वयंपाकघर चालवू शकतो, मग थांबतो. नाही जमला, तर अजून शिकायचंय, मग जातो."

"आणि जमला की नाही, हे कोण ठरवणार?"

"तू," तो म्हणाला. "तुझ्याइतकी कडू जीभ गोंदियात कोणाची आहे?"

ती हसली. घरी जाताना स्कूटीवर गाणं गुणगुणत होती, आणि बालाघाट रोडच्या फाटकाशी थांबल्यावर अचानक गप्प झाली. आपल्या एका शब्दावर हा माणूस राहणार किंवा जाणार. ट्रक परत पाठवताना तिने कधी दोनदा विचार केला नव्हता.

---

तिसऱ्या रविवारी हिमांशुचे बाबा आले होते. उमराव कापगते. सौंदडहून सकाळच्या गाडीने, धुतलेलं धोतर, खांद्यावर दुपट्टा. त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले, राखले. पाण्यातलं काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. त्यांनी पेजेची वाटी रिकामी केली होती आणि मिशीवर हात फिरवत बसले होते.

"हे तं आपली पेजच होय ना रे? एवढ्या लांब शिकाले कायले गेला होता मग?"

सगळे हसले. हिमांशु सगळ्यांत मोठ्याने. त्याचा चेहरा उजळला होता, केस कपाळावर आले होते. त्याने लक्शाचा पहिला बाउल चेतनापुढे ठेवला. नारिंगी रस्सा, पांढऱ्या शेवया, वर झिंगे.

तिने चमचा तोंडात घेतला.

रस्सा तिखट, छान. मग झिंगा दाताखाली आला, आणि मागून गाळाचा वास आला. तळाचा, ओल्या चिखलाचा. स्पष्ट.

तिने वर पाहिलं. हिमांशु ओठ मिटून उभा होता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या रविवारभोवती लाल गोल होता.

"छान आहे," चेतना म्हणाली.

"खरंच?"

"खूप... खूप छान आहे."

तो स्वयंपाकघराकडे धावलाच. "धुरपताबाई, सगळ्यांना वाढा!" दुसरा बाउल बाबांपुढे गेला. उमरावांनी एक झिंगा खाल्ला, चावला, थांबले.

"गाळाचा वास येऊन राहिला रे."

"काय?"

"झिंगे दिवसभर साफ पाण्यात ठेवा लागते. पोट धुऊन निघते त्याचं. तुले नाई सांगतलं का कोणी?"

हिमांशुने त्यांच्या बाउलमधला झिंगा खाल्ला. मग तो चेतनाच्या टेबलाशी आला. आवाज अगदी खाली होता.

"तुला कळलं होतं?"

तिने चमचा बाउलमध्ये ठेवला.

"भाताच्या एका शितावरून महिना सांगते तू. हे तुला कळलं नाही?"

"कळलं," ती म्हणाली.

"मग काऊन खोटं बोलली?"

तिला उत्तर माहीत होतं. पण शेजारी बाबा बसले होते, सेवकराम बसले होते, अर्धी रेलटोली बसली होती. तिने पर्स उचलली आणि ती जिना उतरून गेली.

---

त्या आठवड्यात तिने एकोणीस ट्रकांचा तांदूळ तपासला आणि एकातही चूक केली नाही. फोन वाजला नाही. तिनेही केला नाही.

"तू त्याला अंधारात ठेवलं, म्हणून तो रुसलाय," रिंकी शुक्रवारी डब्यावरून म्हणाली.

"रुसला नाही. त्याला वाटतंय मी त्याच्यावर दया केली."

"केली?"

"नाही."

"मग जे केलं ते जाऊन सांग ना! का मी लिहून देऊ, शिक्का मारून?"

शेवटच्या रविवारी धुकं एवढं होतं की स्कूटीपुढे चार हात दिसत नव्हतं. पावणेनऊला चेतना जिना चढली. शटर अर्धं वर होतं. ती वाकून आत गेली. हिमांशु शेगडीशी एकटाच होता. बाजूच्या टबात झिंगे स्वच्छ पाण्यात पोहत होते.

त्याने तिला पाहिलं. एक बाउल भरला आणि तिच्यापुढे ठेवला.

"कालपासून पाण्यात आहेत," तो म्हणाला. "सांग."

तिने खाल्लं. सावकाश. एक चमचा, दोन, तीन. बाहेर धुकं असूनही तिच्या कपाळावर घाम आला होता.

"गाळ गेला," ती म्हणाली. "झिंगा गोड लागतो. पण नारळाचं दूध फाटलंय. रस्सा जिभेवर कणीदार लागतो. आच जास्त झाली तुझी. नाही जमला."

त्याने मान हलवली. "कळलं. थँक यू."

"थांब, मी अजून बोलतेय." तिने बाउल बाजूला सारला. "मागच्या रविवारी मी खोटं बोलली. तुला वाईट वाटेल म्हणून नाही. वाईट वाटणाऱ्यांचे शंभर ट्रक परत पाठवलेत मी. तू जाशील म्हणून बोलली. लक्सा नाही जमला तर जातो म्हणाला होतास ना... मला तुला जाऊ द्यायचं नव्हतं."

शेगडीवर रस्सा रटरटत होता. तो बंद करायचं कोणालाच सुचलं नाही.

"मला हे आधीच सांगायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "झिंग्याच्या आडून नाही. आता जायचं तर जा. पण लक्शावरून ठरवू नको. लक्सा तर कधीही जमेल तुला, इथे किंवा तिथे."

"मग कशावरून ठरवू?"

"ते... तू सांग."

हिमांशु पुढे आला. ॲप्रनच्या कोरड्या टोकाने त्याने तिच्या कपाळावरचा घाम टिपला, अगदी हलक्या हाताने.

"माहीत आहे, मी कायले चिडलो होतो?" तो म्हणाला. "रविवार आला की मला एकाच तोंडाकडे बघायची सवय लागली. तू घास घेते आणि मी श्वास घेत नाही. त्या दिवशी वाटलं, तूही इतरांसारखीच गोड बोलून निघून जाशील. गिऱ्हाईकासारखी." तो थांबला. "तू गिऱ्हाईक नाही ना, चेतना?"

"नाही."

"मग कोण आहे?"

"घाई काय आहे? दहा वाजायचेत अजून," ती म्हणाली, आणि मग तिला राहवलं नाही. ती हसली. तोही हसला. दोघांच्या मध्ये आता बाउलसुद्धा नव्हता.

बऱ्याच वेळाने त्याने खिशातून फोन काढला. सिंगापूरला पाठवायचं उत्तर तो इंग्रजीत टाइप करू लागला. मध्येच थांबला, खोडलं, पुन्हा लिहिलं.

"काय लिहिलं?" तिने मान लांब करून पाहिलं. "वाच ना!"

त्याने तिला आपल्या बोलीत वाचून दाखवलं :

"सर, मी येऊन नाही राहिलो. आपण विचाराल म्हणून कारण सांगतो. कारण आता समोर बसलं आहे... आणि तिले माझा लक्सा आवडला नाही."

त्याने बटण दाबलं. दारात शटरवर थापा पडत होत्या. कोणीतरी ओरडत होतं, "उघडता का नाही, हिमांशुबाबू? दहा वाजले!"

"जा, उघड," चेतना म्हणाली, आणि आच कमी करायला शेगडीकडे वळली.